पॉवर प्रेसमध्ये दोन बोटं गेली, मालक ७५,००० रुपयांत मिटवू म्हणतो. स्टॅम्प पेपरवर सही करावी का?

नाही. तडजोड करायला हरकत नाही, पण आधी हिशोब मांडा आणि तडजोड कामगार न्यायालयात नोंदवूनच पैसे घ्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून धरतो: भोसरीतली शेड, सात कामगार, ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, मार्च २०२५ मध्ये अपघात, एका हाताची दोन बोटं मुळापासून गेली, वय ३०, पगार १८,०००. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तुमचा अपघात त्याआधीचा, त्यामुळे १९२३ चा नुकसानभरपाई कायदाच चालेल. हजेरीपटावर दहा किंवा जास्त माणसं निघाली तर मात्र प्रकरण ईएसआयकडे जातं, मालकाने वर्गणी भरलेली नसली तरी. ते आधी तपासा.

आता आकडा. पगार १८,००० असला तरी कायदा १५,००० पर्यंतच धरतो. त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्याच्या तक्त्यातला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८, दोन्हींचा गुणाकार १८,७१,८२०; ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताच्या दोन बोटांसाठी कायद्याच्या परिशिष्टात त्याचे २० टक्के दिलेत, म्हणून भरपाई ३,७४,३६४ रुपये. महिन्याभरात ती दिली नाही तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज लागतं, म्हणजे वर्षाला जवळपास ४५,०००. उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. ७५,००० म्हणजे नुसत्या मुद्दलाचा पाचवा हिस्सा झाला! मालकाने भरलेलं दवाखान्याचं बिल या रकमेतून वजा होत नाही, तो खर्च वेगळा.

मिटवायचंच असेल तर कराराचं निवेदन मालकाने नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदणीसाठी पाठवायचं असतं. पुण्यात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर ते नोंदणी नाकारू शकतात, आणि तुमचं खरं संरक्षण तेच आहे. नोंदणी न करता ७५,००० दिले तर मालकाची पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते, आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर दिलेल्या पैशांतली निम्म्याहून जास्त रक्कम त्याला वजाही करता येत नाही. 'यापुढे माझा कोणताही दावा नाही' ही ओळ कायद्याने मिळणारी भरपाई कमी करू शकत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे अर्ज दाखल करून लोकअदालतीत मिटवणं. मालकाची विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही अर्जात पक्षकार करा, कारण पैसे बहुधा तिथूनच येतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा पक्का झाल्याशिवाय होकार देऊ नका. माझं मत विचाराल तर व्याजात थोडं सोडा, मुद्दलात नाही. दिवाणी दाव्याचा पर्यायही आहे, पण तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागते आणि दोन्ही वाटा एकदम धरता येत नाहीत.

कागद वाचताना एका वाक्यावर नजर ठेवा: 'मी स्वतः गार्ड (मशीनचं संरक्षक कवच) काढून काम करत होतो.' नुसत्या निष्काळजीपणामुळे भरपाई जात नाही, पण गार्ड मुद्दाम काढल्याचं सिद्ध झालं तर अशा अंशतः अपंगत्वात मालक सुटू शकतो. त्याच कागदात राजीनामाही घुसवतात, तो खोडायला लावा. अजून ऑपरेशन बाकी असेल तर थांबा. एकरकमी तडजोड झाल्यावर हात आणखी बिघडला म्हणून ती पुन्हा उघडत नाही. आणि अपंगत्वाच्या दाखल्यावर २० पेक्षा कमी टक्के लिहिलेत म्हणून कुणी रक्कम उतरवू लागला तर ऐकू नका. परिशिष्टातला टक्का कमाईची क्षमता किती गेली ते सांगतो.

वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे मार्च २०२७. बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.