वाचक विचारतात : कार्व्हिंगचा बोर्ड

प्रश्न : स्नोबोर्डवर वळणं बऱ्यापैकी जमतात. पण बोर्ड जास्त कलवला की टाचेकडच्या वळणात एकदम निसटतो. बोर्डाची कंबर (मधली सर्वांत अरुंद रुंदी) 25.2 सेंमी, बुटाचं माप 28.5. कार्व्हिंगसाठी (न घसरता कडेवर वळण कापण्यासाठी) कोणता बोर्ड घ्यावा?

उत्तर : बहुधा तुमचा बूट बर्फाला टेकतोय. 28.5 मापाचा बूट बाहेरून 31-32 सेंमी भरतो. बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधणारा पट्टा) 15 अंशांवर असेल, तर तो बोर्डावर आडवी 30 सेंमी जागा खातो आणि बाइंडिंगखाली बोर्ड असतो जेमतेम 26. म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन सेंमी बूट बाहेर. बोर्ड 50 अंशांच्या आसपास कलला की टाच रुतते, एज (बोर्डाची धातूची कड) उचलली जाते आणि तुम्ही आडवे. वळणाच्या बारीक रेघेशेजारी दुसरा ओरखडा दिसला की निदान पक्कं.

आधी फुकटचा उपाय करा : बाइंडिंग पुढच्या पायाला 30, मागच्या पायाला 15 ते 18 अंश. भागलं नाही तर 26.5 ते 27 सेंमी कंबरेचा बोर्ड. रुंद बोर्ड एका एजवरून दुसरीवर जायला जरा सुस्त असतो, ही तक्रार खरी. पण टाच घासण्यापेक्षा परवडलं.

मग साइडकटची, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या आत वळलेल्या कमानीची, त्रिज्या. बोर्ड जितका कलवाल तितकं वळण आवळतं. 10 मीटर त्रिज्येचा बोर्ड 60 अंशांवर साधारण 5 मीटरचं वळण घेतो. तुम्हाला 8.5 ते 10 मीटर पुरे. 7 मीटरचा बोर्ड वेगात मनाविरुद्ध आत वळतो. 12-13 मीटरला वेग आणि रुंद, मोकळा उतार लागतो. गर्दीत त्याचं वळण पुरं होत नाही.

कडकपणा मध्यमहून किंचित वर ठेवा. त्याहून कडक बोर्ड तुमच्या वेगात वाकणारच नाही आणि न वाकलेला बोर्ड घसरतच वळतो. पायाखाली कॅम्बर (बोर्डाची मध्ये वर उचललेली कमान) हवाच. हार्डबूट (कडक कवचाचे बूट) आणि 18-21 सेंमी कंबरेचा अरुंद अल्पाइन बोर्ड हे प्रकरणच वेगळं, तूर्त नको.

प्रश्न : सकाळच्या कडक बर्फावर एज धरत नाही. बोर्ड बदलू?

उत्तर : धार पाहा. नख एजवर आडवं ओढा. कीस निघाला नाही तर एज बोथट आहे. तळाकडून 1 अंश, बाजूनं 2 अंश धार लावा, उरलेली खरखर गम स्टोननं (रबरासारख्या घासदगडानं) काढा. दुपारी मऊ बर्फाचे ढिगारे झाले की मात्र धारेचा फारसा उपयोग नाही. तिथे कडक बोर्ड उसळतो, जरा लवचीक बरा.