जुन्या हॉलिवूड नटनट्यांच्या सह्या जमवायच्या आहेत. सुरुवात कुठून करू आणि खरी सही ओळखू कशी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की जीन हार्लोचा सही केलेला मोठा सेपिया फोटो तुम्हाला कुणीतरी देऊ करतंय आणि दोन दिवसांत निर्णय सांगायचाय. त्याचं आधी सांगतो: थांबा.

हार्लोच्या सह्यांची गोष्ट मोठी गमतीची आहे. तिचं खरं नाव हार्लीन कार्पेंटर. 'जीन हार्लो' हे तिच्या आईचं माहेरचं नाव, पोरीने पडद्यासाठी उचललेलं. पुढे चाहत्यांच्या पत्रांचा ढीग पडायला लागला, तेव्हा फोटोंवर सह्या करत बसायची ती आईच. म्हणजे बाई स्वतःचंच जुनं नाव लिहीत होती! हात अडखळणार कशाला? हार्लो ७ जून १९३७ ला गेली, अवघ्या २६ व्या वर्षी. आज तिच्या म्हणून फिरणाऱ्या सह्यांच्या फोटोंत आईच्या हातचे ढिगाने निघतात. फोटो त्या काळातला, शाई त्या काळातली, घरही तेच. फक्त सही तिची नाही. 'आईच्या हातची' असं सांगून त्या मानाने कमी भावात कुणी देत असेल तर खुशाल घ्या. माझ्याकडेही एक आहे आणि मला ती आवडते.

ही काही एकट्या हार्लोची तऱ्हा नव्हती. स्टुडिओंत चाहत्यांच्या पत्रांसाठी माणसं बसवलेली असत. काही फोटोंवर सेक्रेटरी सही करी, काहींवर रबरी शिक्का बसे, आणि बऱ्याच फोटोंवर सही छापूनच येई. म्हणून माझा एक हिशोब आहे: नट जितका मोठा, फोटो जितका देखणा आणि सही जितकी ठळक, तितका संशय जास्त.

सहीच्या वळणाकडे सगळेच बघतात. मी आधी शाई बघतो, आणि हे मी फसून शिकलोय. सुरुवातीला कॅरोल लोम्बार्डचा एक फोटो घेतला होता. निळी सही, वळण अगदी तिचंच. वर्षभर मिरवला. मग एकदा दहापट भिंगाखाली धरला तर रेघेच्या मधोमध बारीक चर, वळणावळणावर चिकट शाईचे ठिपके साचलेले, आणि मागून बोट फिरवलं तर सहीचा उठाव हाताला लागतोय. बॉलपेन! अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. लोम्बार्ड विमान अपघातात गेली जानेवारी १९४२ मध्ये. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं नाही. तो फोटो अजून ठेवलाय, बॉलपेनची रेघ कशी दिसते याचा नमुना म्हणून.

फाउंटन पेनची रेघ वेगळी असते. जोर पडला की निबाची दोन टोकं फाकतात आणि रेघेच्या दोन्ही कडा गडद, मध्ये फिकट असं दिसतं. शाई कागदात मुरते. चकचकीत फोटोवर मात्र वर बसते, आणि फोटो दिव्याखाली तिरपा केला की तिची वेगळी झाक दिसते. तिरपा करूनही सही आणि फोटो एकसारखेच चमकले तर सही छापील समजा. सही पांढऱ्या अक्षरांत असेल तर ती निगेटिव्हवरच केलेली असण्याची शक्यता बरीच, मग तशाच हजार प्रती निघालेल्या असतात. शार्पी मार्कर आला १९६४ मध्ये; हम्फ्री बोगार्ट गेला १९५७ मध्ये. तरी 'बोगार्टची शार्पीने केलेली सही' विकायला येतेच. कागदासाठी अतिनील टॉर्च घ्या. १९५० च्या दशकापासून कागदात उजळपणा आणणारी रसायनं येऊ लागली, ती या उजेडात निळसर पांढरी झगझगतात. १९३५ चा म्हणून दिलेला फोटो असा पेटला तर गाशा गुंडाळा.

आता सुरुवात. फोटोंच्या मागे लागू नका, वहीची पानं घ्या. त्या काळी पोरंसोरं नाटकगृहाच्या मागच्या दाराशी किंवा हॉटेलबाहेर छोटी सहीवही घेऊन उभी राहायची. गुलाबी, फिकट हिरवी, पिवळट पानं. कडेला पोराने स्वतः पेन्सिलीने नटाचं नाव आणि तारीख टाकलेली. नटाने उभ्याउभ्या सही केलेली, त्यामुळे शेवटची दोन अक्षरं गडबडीत घसरलेली. ही घसरण मला फार आवडते. आपल्या खोलीत निवांत बसून सह्या करणाऱ्या सेक्रेटरीचा हात असा घसरत नाही. पानाच्या पाठीमागे बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाची सही निघते, ती फुकटात. दुसरा चांगला पर्याय म्हणजे वटलेले चेक. बँकेसाठी केलेली सही, तारीख आणि शिक्क्यासकट. ग्रेटा गार्बो चाहत्यांना सही द्यायचं टाळायची, त्यामुळे तिची सही अशा कागदांवरच शोधावी लागते, आणि किंमत ऐकून घाम फुटतो.

नावं निवडताना आयुष्य किती होतं ते बघा. जेम्स डीन १९५५ मध्ये २४ व्या वर्षी गेला. खऱ्या सह्या थोड्या, म्हणून खोट्यांचं पीक. लिलियन गिश मूकपटांपासून १९८७ पर्यंत पडद्यावर होती, ऑलिव्हिया डी हॅविलंड १०४ वर्षं जगली. अशांपासून सुरू करा. 'टू बेटी' असं कुणाचं तरी नाव लिहिलेली सही लोक नाकारतात, म्हणून ती स्वस्त पडते. मला उलट तीच हवी असते, ताडून बघायला चार अक्षरं जास्त मिळतात.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर ते देणारा कोण, एवढ्यावरच त्याची किंमत. सोनेरी शिक्का मीही घरी छापू शकतो. सही खोटी निघाली तर पैसे परत, हे लेखी घ्या.

सांभाळायला पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसी नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. भिंतीवर लावायची तर प्रत काढून लावा, मूळ सही अंधारात राहू द्या.

आणि त्या हार्लोच्या विक्रेत्याकडून आज दोन फोटो मागवा: सही जवळून, तिरप्या उजेडात काढलेली, आणि फोटोची मागची बाजू. शिवाय सरळ विचारा, सही आईची की मुलीची. हा प्रश्नच त्याला नवा असेल तर दोन दिवस कशाला, लगेच नाही म्हणून टाका.