वरून सुकलं म्हणजे सुकलं नव्हे : तेलरंगातल्या डोंगरांविषयी प्रश्नोत्तरे

पावसाळ्यात डोंगर हिरवे झाले की ते रंगवणाऱ्यांची पत्रं येऊ लागतात, आणि निम्म्या पत्रांत तेच ते विचारलेलं असतं. त्यातले पाच प्रश्न घेतो.

रंगात मिसळायचं जवसाचं तेल महाग पडतं. घरचं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल चालेल का?
नाही. ती तेलं वाळतच नाहीत.

वाईजवळचं खेडं रंगवते आहे. सगळीकडे सॅप ग्रीन हा हिरवा रंग वापरला, तर मागचा डोंगर घरांच्या अंगावर येतोय.
येणारच. मधल्या हवेमुळे लांबचा डोंगर फिका आणि निळसर दिसतो. तिथे भरपूर पांढऱ्यात थोडा अल्ट्रामरीन (निळा) आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या. सॅप ग्रीन पुढच्या खाचरांसाठी राखा, तोही यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून. शिवाय सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. कडे आडव्या पट्ट्यांचे, दोन पट्ट्यांमध्ये झाडीची किनार. कॅलेंडरवरची हिमालयाची शिखरं वाईजवळच्या पांडवगडाच्या माथी मारू नका. स्केचवही घेऊन एक सकाळ तिथे बसा.

आठ दिवसांत आकाश हाताला कोरडं लागलं म्हणून वर ढग रंगवले, प्रदर्शनासाठी व्हार्निशही मारलं. आता भेगा पडल्यात. दुकानदार म्हणतो, रंग लवकर वाळवणारं द्रव, म्हणजे ड्रायर, घालायला हवा होता.
दुकानदाराला बाटली खपवायची आहे. तेलरंग कपड्यासारखा वाळत नाही. टर्पेंटाइन उडून जातं. तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्याला वेळ लागतो. दुधावर साय धरते तशी वर कातडी येते, खाली रंग ओलाच राहतो. रंग जाड असेल तिथे कडेला नख टेकवून बघा, साय दबते तसा दबेल. अशा ओल्या थरावर लवकर वाळणारा थर बसला, की खालचा हलतो आणि वरचा तडकतो. म्हणून पहिले थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, तेल कमी. वर जाताना तेल वाढवायचं. उलटं नाही. टायटॅनियम व्हाइट सावकाश वाळतो, अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर, हेही ध्यानात ठेवा. ड्रायर जास्त झाला तर सुरकुत्या आणि भेगा वाढतातच. व्हार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबायचं. प्रदर्शनाची तारीख रंगाला कळत नाही. आता भेगांवर रंग थापू नका. चित्र न बघता उपाय सांगणं धोक्याचं आहे, चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

'कोबाल्ट ब्लू ह्यू' निम्म्या किमतीत मिळतो. घेऊ का?
सरावाला घ्या. पण 'ह्यू' म्हणजे दिसायला तसा, आत दुसराच रंग. खरा कोबाल्ट ब्लू हवा तर ट्यूबवर पीबी २८ हा त्याच्या रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलाय का बघा. मोठा संच घेण्याआधी शिक्षकांना विचारा.

मला दमा आहे, टर्पेंटाइनने डोकं दुखतं. खिडकी उघडी ठेवली की झालं ना?
नाही झालं. आधी डॉक्टरांना विचारा, तोवर टर्पेंटाइन बंद. ब्रश जवसाच्या तेलात खळबळून पुसा आणि मग साबणाने धुवा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.