खुंटीवरचा पखवाज

प्रिय बाळा,
सप्रेम आशीर्वाद.

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स पाहतोस आणि सकाळी स्वतःचीच लाज वाटते, असं लिहिलंस. सुखात खरंच उच्च-नीच असतं का, असंही विचारलंस. लाज बाजूला ठेव, प्रश्न घेऊ.

इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेन्थम म्हणेल, नसतं. सुख किती तीव्र, किती टिकणारं, किती जणांना मिळणारं, अशी मापं तो लावतो. सुख सारखंच मिळत असेल, तर पुश-पिन हा टाचण्यांचा पोरखेळ आणि काव्य-संगीत यांचं मोल त्याच्या लेखी एकच. याला हसू नकोस. आपलीच आवड थोर मानून दुसऱ्याच्या करमणुकीला नाकं मुरडणाऱ्यांना त्यात चोख उत्तर आहे.

त्याच्यानंतरचा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल, त्याला मात्र एवढं पुरलं नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकायला बसवलेला हा मुलगा बेन्थमच्याच विचारांवर वाढला. १८२६ साली, विशीत, त्याने स्वतःला विचारलं: मला हव्या त्या सगळ्या सुधारणा आत्ता झाल्या, तर मी सुखी होईन का? आतून ठाम 'नाही' आलं. त्या उदासीतून सावरताना वर्ड्‌स्वर्थच्या कविता त्याच्या फार उपयोगी पडल्या. पुढे १८६१ साली त्याने मांडलं की सुखांत प्रतीचाही फरक असतो. दोन्ही सुखं चाखलेले बहुतेक सगळे ज्याची निवड करतील, ते सुख वरचं.

इथे मला माझे वडील आठवतात. गिरणीतून आले की पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून भजनाला बसायचे. मग डबल पाळ्या सुरू झाल्या आणि पखवाज खुंटीवर गेला. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, पण ते पत्ते खेळत. एकदा मी पखवाज पुढ्यात ठेवला, तर म्हणाले, "राहू दे, बोटं वळत नाहीत." दोन्ही चाखलेल्या माणसाचा हा कौल कसा धरायचा?

मिलला ही अडचण दिसली होती. वरच्या सुखाची क्षमता हे नाजूक रोप आहे, पोषण नसलं तरी ते मरतं, असं तो म्हणतो. युक्तिवाद म्हणून मला ही पळवाट वाटते. ज्याचा कौल अडचणीचा, त्याचं रोप वाळलं म्हणायचं! पण वडिलांपुरतं ते अक्षरशः खरं होतं.

म्हणून रील्सची लाज धरू नकोस. बारा तास राबून आलेल्याला पडून राहावंसं वाटणारच. पण नोकरी लागल्यापासून तुझ्या एकाही पत्रात बासरी नाही. रविवारी येशील तेव्हा घेऊन ये. सूर नाही लागला तरी मी ऐकत बसेन.

तुझा,
सर