जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवावं का? खानापूरकडच्या मित्राला उत्तर

तुम्ही विचारलंय की खानापूरजवळ शेत आहे, वडिलांची १९७३ ची महिंद्रा सीजे-३बी आहे, हाय बॉनेट, पेट्रोल, अजून चालते पण पेट्रोल लय खाते, आणि गॅरेजवाला म्हणालाय जुन्या बोलेरोचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं) इंजिन टाकून देतो, तर टाकावं का आणि काय काय बदलावं लागेल. मी बेळगावचाच, उद्यमबागेत लेथ-मिलिंगचं काम आहे, माझी स्वतःची जीप प्युजो या फ्रेंच कंपनीच्या डिझेल इंजिनवर आहे (आरसीवर तसं चढलेलं आहे) आणि या भागातल्या बऱ्याच जीपांच्या अॅडॅप्टर प्लेटा (दुसरं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या) आमच्या मशीनवर झाल्यात, म्हणून जरा सविस्तर सांगतो, लांब होईल पण पूर्ण वाचा.

आधी माझं मत. गाडी रोज राबवायची असेल, उसाच्या फडात, जांबोटी-कणकुंबीकडं पावसात, तर डिझेलला अर्थ आहे. महिन्यातून चार वेळा शेतावर चक्कर आणि वर्षातून एकदा चोर्ला घाट उतरून गोव्याला, एवढंच असेल तर ते पेट्रोल इंजिनच नीट बांधून घ्या. आणि दोन्हीपैकी काहीही करायच्या आधी आरसी काढून समोर ठेवा, कारण हा विषय गॅरेजमध्ये सुरू होत नाही, आरटीओत सुरू होतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर कंपनीनं दिलेली जी माहिती आहे तिच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी लागते, नंतर नाही. परवानगी मिळाली आणि काम झालं की १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर चढवून घ्यायचं असतंय. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच धरलं की मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही, आणि त्याच वर्षी कायदा बदलला त्यात १८२-ए हे कलम आलं, मालकानं बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यामुळं "पूर्वी सगळे टाकायचे की" हे आता उपयोगाचं नाही. पूर्वी खरंच टाकायचे, ट्रॅक्टरचं इंटरनॅशनल इंजिन टाकायचे, टेम्पो ट्रॅक्सचं ओएम ६१६ डिझेल टाकायचे, आणि आरटीओत जाऊन इंजिन नंबर बदलून आणायचे. आता काम हातात घ्यायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. एजंट तोंडी "होतंय ओ" म्हणाला यावर एक रुपयाही खर्च करू नका. परवानगी मिळत नसेल तर विषय तिथंच संपला, हे मी मनापासून सांगतोय.

लोकांच्या डोक्यात पोलीस असतोय, पण खरा घोळ विम्याचा आहे. आरसीवर पेट्रोल, इंजिन नंबर वेगळा, आणि उद्या घाटात कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिला बोट तिथंच ठेवणार, समोरच्याची भरपाई शेवटी तुमच्या शेतावर येऊ शकते. पीयूसीचंही तसंच, पेट्रोलची तपासणी कार्बन मोनॉक्साइडची आणि डिझेलची धुराची, पीयूसीवाला नंबर टाकतो तेव्हा पेट्रोल दिसतंय आणि समोर डिझेल टकटकतंय, मग तो तरी काय करणार.

तुमच्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे जी गॅरेजवाल्यानं सांगितली नसणार. १९७३ ची म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम आणले, ५० वर्षांपेक्षा जुनी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी असेल तर नंबरात व्हीए अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळू शकते, फी २०,००० रुपये. अट अशी की ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. म्हणजे शेतावर राबवायची असेल तर हे तुमच्या कामाचं नाही, पण वडिलांची आठवण म्हणून जपायची असेल तर मूळ इंजिन काढलं की हा दरवाजा बंद झाला. मूळ इंजिन कधीच भंगारात देऊ नका, काही केलं तरी. ग्रीस लावून, प्लग जागेवर ठेवून, ताडपत्रीत गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा. असली इंजिनं वजनावर गेलेली बघितली की मला अजून वाईट वाटतंय.

आता ते इंजिन खरंच इतकं वाईट आहे का ते बघू. तुमच्यात हरिकेन एफ-हेड आहे, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. वरच्या व्हॉल्व्हमुळं इंजिन उंच झालं म्हणूनच मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकेतल्या विलीज कंपनीनं १९५३ मध्ये बॉनेट उंच केलं, हाय बॉनेट नाव तिथनं आलं. ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास ४००० आरपीएमला, पण महत्त्वाचं म्हणजे टॉर्क, म्हणजे ओढ, साधारण १५५ न्यूटन मीटर आणि तो २००० आरपीएमलाच. म्हणजे हे पेट्रोल असून खालच्या आरपीएमला ओढणारं इंजिन आहे. "डिझेल टाकलं की ओढ दुप्पट होते" असं जे सांगतात ते या गाडीच्या बाबतीत खरं नाही, जुनं बिनटर्बो डिझेल टाकून ओढ फार वाढत नाही. वाढतंय ते अॅव्हरेज, आणि पावसातला भरवसा. ओढ्यात पाणी फॅनला लागलं की पेट्रोलचा डिस्ट्रिब्युटर भिजतोय आणि गाडी मधेच उभी राहते, डिझेलला स्पार्कच नाही, हवेच्या पाइपात पाणी जाईपर्यंत ते चालत राहतंय. जून ते सप्टेंबर आपल्याकडं लाल मातीत काय होतंय हे तुम्हाला सांगायला नको.

पैशाचा हिशेब करा. एफ-हेड लिटरला ८ देते असं धरू, डिझेल १२ देईल. पेट्रोल १०३ आणि डिझेल ९१ धरलं तर किलोमीटरला साधारण १३ रुपयांचे साडेसात होतात, म्हणजे पाच-साडेपाच रुपये वाचले. समजा सगळं मिळून दोन लाख गेले, आणि नीट केलं तर तेवढे जातात असंच धरून चाला, तर ते निघायला ३७-३८ हजार किलोमीटर लागतील. तुमची गाडी वर्षाला ३००० फिरत असेल तर बारा वर्षं. याउलट कार्ब्युरेटरचं किट, ठिणगीचं टायमिंग, डिस्ट्रिब्युटरची बुश, व्हॉल्व्ह सेटिंग, चिकटलेले ब्रेक मोकळे करणं, एवढ्यानंच बऱ्याच जीपांचं अॅव्हरेज सुधारतंय, कारण इंजिन पेट्रोल खात नसतंय तर अडकलेला ड्रम खात असतोय.

एवढं ऐकूनही टाकायचंच असेल, परवानगी हातात असेल, तर पुढचं लक्ष देऊन वाचा.

गॅरेजवाला म्हणतोय ते २५२३ सीसीचं डीआय इंजिन मजबूत आहे, स्पेअर कुठंही मिळतात, अॅव्हरेज चांगलं. पण त्याची ताकद ३२०० आरपीएमलाच संपते आणि तिथं तुमच्या गाडीचा गिअर रेशो येतो आडवा. सीजे-३बीचा क्राउन-पिनियन (एक्सलमधली शेवटची गिअरची जोडी) ५.३८ चा, ८ ला ४३ दात, टी-९० गिअरबॉक्सचा तिसरा गिअर डायरेक्ट, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) हायमध्ये एकास एक. ६.००-१६ टायरचा फेरा सव्वादोन मीटर धरला तर ३२०० ला गाडी ८० च्या स्पीडला पोचते आणि तिथं इंजिन ओरडत असतंय. आरामात म्हणजे ५५-६०. शेतावर, जंगलातल्या वाटेवर हे उत्तम, लोमध्ये २.४६ मिळतंय त्यामुळं गाडी पाऊल-पाऊल चालते, पण पुणे-बेंगळूर हायवेवर मागचा ट्रक हॉर्न मारत राहणार. हा गुणाकार इंजिन विकत घ्यायच्या आधी कागदावर करायचा असतोय. मागच्या एक्सलला कुणी ४.८८ चा क्राउन टाकतात, पण मग पुढचा पण तसाच बदलावा लागतो, एकच बदलून फोर व्हील लावलं तर ट्रान्सफर केस फुटतो.

मला विचाराल तर महिंद्राच्याच एमएम ५४० जीपमध्ये कंपनीनंच बसवलेलं प्युजो एक्सडीपी ४.९० घ्या, मिळत असेल तर. ४ सिलिंडर, ९० चा बोअर म्हणून ४.९०, २११२ सीसी. हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारतंय), थंडीत ग्लो प्लग तापवून घ्यावा लागतो आणि डीआयपेक्षा थोडं जास्त पितंय, पण आरपीएम जास्त घेतंय आणि डीआयपेक्षा मऊ चालतंय. पन्नास वर्षांच्या चॅसीला डीआयचा थरथराट सोसत नाही, काचेच्या फ्रेमचे ब्रॅकेट आणि रेडिएटरचे कान तडकतात. आणि इंजिन एकटं नको, त्याच गाडीचा चार गिअरचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस सगट उचला. मग अॅडॅप्टर प्लेटच लागत नाही, फक्त माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी करून घ्यायची. माझं स्वतःचं काम प्लेट बनवायचं आहे तरी मी हेच सांगतो.

टी-९० च ठेवायचा म्हणालात तर प्लेट कुणाकडून करून घेताय ते बघा. गॅस कटरनं कापून ग्राइंडरनं घासलेली प्लेट म्हणजे गिअरबॉक्सचं मरण आहे. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत पाहिजे, डायल गेज लावून फिरवून बघायचं, ०.१-०.२ मिलिमीटरच्या आत. शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं जातंय का ते मोजायचं, नसेल तर बुश वळून घ्यायची. क्लच प्लेटचे दात तुमच्या शाफ्टला जुळणारे आणि प्रेशर प्लेट नव्या फ्लायव्हीलची, ही जोडणी कधीकधी वेगळी करून घ्यावी लागते. सेंटर चुकला तर गाडी पहिल्या दिवशी छान चालते आणि काही महिन्यांत पुढची बेअरिंग आवाज करायला लागते, मग दोष गिअरबॉक्सला देतात.

बाकी छोटी वाटणारी कामं, पण यांच्यावरच गाडी भरवशाची होते. ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी उतरवून आतून पूर्ण साफ करा, जुन्या पेट्रोलचा चिकटा आणि गंज डिझेलमध्ये सुटतोय आणि फिल्टर सारखा चोक होतोय. टाकीला रिटर्न लाइनचं तोंड लागतंय, पेट्रोलला ते नव्हतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर घालाच. चावी बंद केली म्हणून जुनं डिझेल बंद होत नाही, डिझेल पंपाला स्टॉप केबल पाहिजे. पंप आणि नोझल गाडीत चढवायच्या आधी कॅलिब्रेशनला द्या. बॅटरी मोठी, ८० अॅम्पिअर-अवरच्या आसपास, आणि स्टार्टरची अर्थिंगची वायर जाड, थेट इंजिनला. पुढच्या पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) एक पाटा वाढवावा लागेल, नाहीतर नाक खाली बसतंय आणि इंजिनचा चेंबर (खालची ऑइलची टाकी) पुढच्या एक्सलच्या हाउसिंगवर आपटतोय, बसवतानाच पाटा पूर्ण दाबून तिथली जागा बघा. पंपाची बाजू आणि स्टेअरिंगचा दांडा एकमेकांना लागत नाहीत ना हेही माउंटिंग वेल्ड करायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

ब्रेकबद्दल वेगळं सांगतो. डिझेलला थ्रॉटलची झडप नसते त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम तयार होत नाही. तुमच्या गाडीला व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेकचा बूस्टर नाही, साधे ड्रम, त्यामुळं आज अडचण नाही, पण पुढं कधी बूस्टर लावायचा विचार असेल तर मागं व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर आत्ताच घ्या. आणि काहीही असो, चारी ड्रमचे लाइनर आणि सिलिंडर याच कामात नवे करून टाका, चोर्ला उतरताना वजन वाढलेली गाडी जुन्या लाइनरवर नको.

आरसीचा फोटो टाका, नंबर झाकून, फक्त इंधन, वर्ष आणि वैधता कधीपर्यंत आहे ते दिसू दे. १५ वर्षांनंतरचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं नसेल तर आधी ते करून घ्यावं लागेल, त्याशिवाय बदलाचा अर्ज पुढं सरकणार नाही.