केरकर आडनाव आणि मुंबईला गेलेले खापरपणजोबा: गोव्यात माग कुठून काढावा?

तुम्ही लिहिलंय की खापरपणजोबा 1860 च्या सुमारास गोव्यातून मुंबईला गेले, घराण्यात तिथे पाय रोवणारे ते पहिले, आणि आता हाताशी आहे ते फक्त ‘केरकर’ हे आडनाव. माझं कळकळीचं सांगणं: आडनाव बाजूला ठेवा, आधी कुळदेव विचारा.

केरकर म्हणजे केरीचे, पण केरी एक नाही. पेडण्यात आहे, सत्तरीत आहे, फोंड्यातही आहे. शिवाय गावाचं नाव पुष्कळदा गाव सोडल्यावरच माणसाला चिकटतं, त्यामुळे गोव्यातल्या कागदांत ते ‘केरकर’ नसतीलही. पेडण्यातल्या मांद्र्याचे डॉक्टर भाऊ दाजी लाड मुंबईत नुसते ‘भाऊ दाजी’ म्हणूनच ओळखले जात. तिथे ‘लाड’ शोधत बसलात तर माणूस निसटलाच.

कुळदेवी विजयादुर्गा निघाली तर फोंड्यातल्या केरीला जा. पण ती देवी मूळची सांकवाळची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडली तेव्हा जुवारी नदी ओलांडून ती अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आली. म्हणजे कुळाचं मूळ एकीकडे, देऊळ दुसरीकडे आणि राहतं घर तिसऱ्याच गावात, असंही असू शकतं. देवस्थानच्या समितीकडे महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांची, यादी मागा. देवस्थानांचे नियम 1886 साली झाले, तेव्हा जुन्या याद्यांत बाप-लेकांची नावं मिळायची आशा धरायला हरकत नाही.

मग पणजीचं पुराभिलेख खातं. आमच्या विठोबा प्रभूंना मी तिथे दोन वर्षं शोधत होतो आणि ते समोर असूनही दिसत नव्हते, कारण कारकुनाने लिहिलं होतं ‘विटोबा पोरोबो’. पोर्तुगीज लिखाणात आपला ‘अ’ बऱ्याचदा ‘ओ’ होतो: प्रभूचा पोरोबो, कामतचा कामोतीं. शेणवीचा झाला सिनाय. ‘श’ला एक्स, ‘क’ला कित्येकदा क्यू. तुमचं केरीसुद्धा क्यूनेच सुरू होतं, हे लक्षात ठेवा.

अखेर ते सापडले एका जमिनीच्या दस्तात. वर सगळा पोर्तुगीज मजकूर आणि खाली, पानाच्या अगदी कडेला, मोडीत सही. मला मोडी येत नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या एका अभ्यासक बाईंनी बोट न टेकवता वाचून दाखवलं: ‘विठोबा प्रभू, दस्तुरखुद्द’. शाईने कागद खाल्ला होता, ‘भू’च्या जागी भोक होतं. घरात त्यांचा फोटो नाही, वस्तू नाही. त्यांच्या हाताचं एवढंच काय ते उरलंय. त्या दिवशी मी पुढचं पान उलटलंच नाही.

वाटण्यांचे कागदही सोडू नका. 1870 मध्ये इथे पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला. माणूस वारला की त्याच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वाटणीसाठी केलेल्या मालमत्तेच्या नोंदीत, वारस नावानिशी लिहिले जात, परगावी गेलेलेसुद्धा. तुमचे खापरपणजोबा मुंबईत असले तरी त्यांच्या वडिलांच्या वाटणीत ते भेटू शकतात. सरकारी बोलेतीं, म्हणजे राजपत्र, 1837 पासून निघत होतं, पण ते नंतर चाळा. नाव आणि गाव पक्कं नसेल तर त्यात नुसते डोळे शिणतात.

घरातल्या सर्वांत वयस्कर बाईमाणसाला विचारा, लग्नानंतर ओटी कुठल्या देवीची भरली? देवीचं नाव कळलं की इथेच लिहा. कुठल्या केरीपासून सुरुवात करायची ते मग बघू.