रोग हुंगणारी कुत्री: यात करिअर होईल का?

प्रश्न: मुलगा सोलापुरात बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. घरी दोन वर्षांची कारवानी कुत्री आहे, तिच्यात त्याचा जीव. करोनाच्या वेळी कुत्र्यांनी वासावरून रुग्ण ओळखल्याचं वाचल्यापासून 'मी हेच करणार' म्हणतो. यात नोकरी असते का? आषाढीला पंढरपुरात अशी कुत्री लागतीलच ना? आत्ता घरी काही शिकता येईल का? (एक आई, सोलापूर)

उत्तर: ताई, फक्त या कामासाठी नोकरभरती निघेल, असं धरून बसू नका. पण मुलगा वाचून हवेत गेलेला नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या लष्कराने दिल्लीत अशा कुत्र्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. कॅस्पर हा कॉकर स्पॅनियल आणि जया, मणी ही तमिळनाडूकडची चिप्पीपराई. घाम आणि लघवीच्या नमुन्यांवर त्यांना तयार केलं होतं. चिप्पीपराई तुमच्या कारवानीसारखीच नजरेवर शिकार करणारी जात, त्यामुळे या हौसेपायी नवं लॅब्रॅडॉर आणायची गरज नाही.

कुत्रं विषाणू हुंगत नाही. आजारात शरीराच्या रासायनिक घडामोडी बदलतात आणि त्वचेतून, श्वासातून उडून जाणाऱ्या द्रव्यांचं मिश्रण बदलतं. कुत्रं ओळखतं ते हे मिश्रण. गांबियातल्या मुलांनी रात्रभर घातलेले नायलॉनचे मोजे ब्रिटनमधल्या कुत्र्यांना हुंगायला दिले होते. हिवतापाचे 30 नमुने होते, निरोगी 145. आजारी मुलांपैकी 70 टक्के आणि निरोगी मुलांपैकी 90 टक्के बरोबर ओळखली गेली. मोज्यांवर हे जमतं, म्हणजे प्रत्येक माणसासमोर कुत्रं उभं करावंच लागतं असं नाही. हेलसिंकीच्या विमानतळावर 2020 मध्ये प्रवासी कापडाने त्वचा पुसून देत आणि कुत्रं पलीकडे ते हुंगत असे.

आता पंढरपूर. समजा 1000 वारकऱ्यांत 10 जण आजारी आहेत. कुत्रं आजाऱ्यांपैकी 90 टक्के आणि निरोग्यांपैकी 95 टक्के बरोबर ओळखतं, म्हणजे चांगलंच तयार झालेलं आहे. 10 पैकी 9 सापडतील. पण उरलेल्या 990 निरोगी माणसांपैकी जवळपास 50 जणांसमोरही ते बसेल (बसणं ही त्याची 'इथे वास आहे' अशी खूण). थांबवलेल्या 59 जणांत खरे आजारी फक्त 9. म्हणून कुत्रं ही पहिली चाळण, निदान प्रयोगशाळेतच करायचं. हे गणित मुलाला स्वतः मांडायला लावा. या कामात कुत्र्यावर माया लागतेच, पण त्याहून जास्त लागते आकड्यांची शिस्त.

माझं मत विचाराल तर त्याने पशुवैद्यकीय पदवी घ्यावी. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, 'माफसू'च्या (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) महाविद्यालयांत. तुम्हाला उदगीर आणि शिरवळ सोयीची. पुढे लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे लष्करी प्राणी सांभाळणाऱ्या शाखेत, अधिकारी होता येतं, आणि तेही नाही जमलं तरी पशुवैद्य रिकामा बसत नाही. नीट हुकली तर बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी सोलापुरातच करता येईल, त्या बाजूने संशोधनात शिरता येतं. रोज कुत्र्यासोबतच राहायचं असेल तर पोलीस शिपाई भरती, मग श्वान पथक. मात्र भरती होते शिपाई म्हणून. पथकात निवड नंतर, आणि ती आपल्या हातात नसते.

घरचा सराव लवंगेवर करा. रुग्णाचा कुठलाही नमुना घरात आणायचा नाही, कुणी दिला तरी. टांझानियात उंदरांना क्षयाच्या थुंकीचे नमुने हुंगायला देतात, तेही आधी उष्णतेने निर्जंतुक करून.

स्टीलचे एकसारखे पाच डबे घ्या. झाकणाला खिळ्याने सात-आठ भोकं पाडा, पण बाहेरून आत. आतून पाडली तर पत्र्याची धार वर येते आणि कुत्रीचं नाक फाटतं. गॉजचे (जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचे) दोन इंची तुकडे काचेच्या बरणीत चार लवंगांसोबत रात्रभर ठेवा, नुसत्या गॉजची बरणी वेगळी. प्रत्येक बरणीचा चिमटा वेगळा. पहिले काही दिवस एकच लवंगेचा डबा. नाक टेकलं की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी खेळायला. दोन सेकंद उशीर झाला तर तिला वाटतं, मान वळवली म्हणून बक्षीस मिळालं. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा.

नाक टेकून बसायला लागली की मग पाच डबे, अडीच-तीन फुटांवर. जागा फाशाने ठरवा: 1 ते 5 पडलं तर त्या डब्यात लवंगेचा गॉज आणि बाकीच्यांत नुसता, 6 पडलं तर लवंग कुठेच नाही. अशी रिकामी फेरी नसेल तर 'कुठेतरी बसायचंच असतं' हे कुत्री चटकन शिकते. रिकाम्या फेरीत ती न बसता पुढे गेली तर तेही बक्षीस. डबे तुम्ही मांडा आणि दाराआड जा. मुलाला उत्तर माहीत नको. माहीत असलं की पट्टा नकळत ताणला जातो, पाऊल अडखळतं, आणि कुत्री डबा न हुंगता मालक वाचते. ती बसली की तुम्ही आडून 'बरोबर' म्हणा किंवा गप्प राहा.

सगळ्यात जास्त घोळ हाताच्या वासाने होतो. फक्त लवंगेचाच डबा उचलला तर ती तुमचा हात शोधायला शिकते. म्हणून पाचही डबे सारखेच हाताळा, फेऱ्यांमध्ये गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. रोगाच्या कामात हीच चूक मोठी होऊन येते. आजारी नमुने रुग्णालयातून आणि निरोगी घरून आणले तर कुत्रं फिनेल ओळखायला शिकतं. तेच चार रुग्ण पुन्हा पुन्हा वापरले तर ती चार माणसं. फिनलंडमधल्या कुत्र्यांची अचूकता करोनाचा अल्फा प्रकार आल्यावर घटली, कारण शिकवणी जुन्या प्रकारावर झाली होती.

मार्च ते जून सराव सकाळी सातच्या आत. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, आणि सोलापूरच्या उन्हात दहा वाजता फरशीवर पंजेही भाजतात.

एका वहीत रोज लिहायचं: तारीख, फासा, ती कुठे बसली, बरोबर की चूक. नुसत्या नशिबावर पाचात एक बरोबर येतोच. तेव्हा 60 फेऱ्यांनंतर पाचात चारच्या वर गेली आणि रिकाम्या फेऱ्यांत चुकून बसणं एक-दोनदाच झालं, तर लवंग सोडून तमालपत्र सुरू करा. हे सगळं नीटच्या अभ्यासातून उरलेल्या वीस मिनिटांत होतं. परीक्षेआधीचे दोन महिने वही बंद ठेवली तरी कुत्री लवंग विसरत नाही.